थ्री माइल आयलंड : अपघातग्रस्त विक्रियकाची साफसफाई

थ्री माइल आयलंड : अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील सस्क्वेहॅना नदीच्या पात्रातील एक चिंचोळे बेट व त्यावरील अणुवीज केंद्र. राज्याची राजधानी हॅरिसबर्ग येथून ते आग्नेयीस सु. १६ किमी. अंतरावर असून मिडलटाउन या गावापासून प्रवाहाच्या दिशेने तीन मैल खाली असल्यामुळे त्यास हे नाव पडले, असे सांगतात. या केंद्राच्या दुसऱ्या संचातील विक्रियकाचा गाभा २८ मार्च १९७९ रोजी अंशतः वितळला. या अपघाताची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे. त्यानंतर सु. चौदा वर्षे चाललेल्या साफसफाईची हकीकत मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिली. वस्तुतः अपघात काही तासांत घडून गेला होता. त्यात नेमके काय घडले, हे साफसफाई करता करताच हळूहळू कळत गेले. ज्या वस्तूजवळ जाता येत नाही, जी डोळ्यांना दिसत नाही, तिच्याविषयी उपकरणांच्या आकड्यांवरून अनुमान करणे, ते अनुमान पडताळून पाहणे व मगच तीत हात घालणे, असे या कामाचे स्वरूप होते. अपघाताचे मूळही अनुमानाच्या चुकीत होते. चुकीच्या दिव्यावर विश्वास ठेवला गेला आणि बरोबर आकडे अविश्वसनीय म्हणून बाजूला सारले गेले.

अपघात : या केंद्रातील दोन्ही संच दाबाखालील साध्या पाण्याचा उपयोग करणाऱ्या प्रकारचे होते. या प्रकारात गाभ्यातील उष्णता उच्च दाबाखालील पाणी वाहून नेते. दाबामुळे ते उकळत नाही. हे पाणी बाष्पजनित्रातील नळ्यांतून फिरते व नळ्यांबाहेरील दुसऱ्या मंडलातील पाण्याची वाफ करते. त्या वाफेवर टरबाइन चालते [→ अणुकेंद्रीय अभियांत्रिकी]. पहिला संच १९७४ साली सुरू झाला. दुसरा संच ३० डिसेंबर १९७८ रोजी व्यापारी तत्त्वावर चालू करण्यात आला, म्हणजे अपघाताच्या वेळी त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. त्याच्या गाभ्यात इंधन दांड्यांचे १७७ जुडगे व त्यांत मिळून सु. ३७,००० दांडे होते. दांडा म्हणजे झिर्कोनियमाच्या मिश्रधातूची बारीक लांब नळी असून तीत युरेनियम डाय-ऑक्साइडाच्या वड्या एकावर एक भरलेल्या असतात.

पहाटे ४ वाजता दुसऱ्या मंडलातील पाणी पुरविणारे पंप बंद पडले. टरबाइन व विक्रियक आपोआप थांबले. पण भंजनाची साखळी थांबली तरी भंजनजन्य किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयामुळे गाभ्यात उष्णता निर्माण होतच राहते व तिचे निरसन करावेच लागते. दाब वाढल्यामुळे एक सुटका-झडप उघडली. ती काही सेकंदांत मिटावयास हवी होती, परंतु उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील तिचा दिवा विझला, त्यावरून ती मिटली असा चालकांचा समज झाला. हा दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवीत नव्हता. मिटण्याचा विद्युत् संदेश झडपेकडे गेला, एवढेच तो सांगत होता. उघड्या झडपेतून पाणी वाहून जात असता दाबनियंत्रक टाकीतील पातळी मात्र वर चढलेली दिसत होती. त्यामुळे मंडलात पाणी जास्त झाले आहे असे समजून चालकांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठाही कमी केला. गाभ्यातील पाण्याची पातळी थेट दाखविणारे साधन या विक्रियकात नव्हते. सु. २ तास २० मिनिटांनी झडपेच्या मार्गातील दुसरी झडप बंद करण्यात आली, तोवर गाभ्याचा वरचा भाग उघडा पडला होता. तापलेल्या झिर्कोनियमाची वाफेशी विक्रिया होऊन हायड्रोजन वायू निर्माण झाला व दांड्यांच्या नळ्या फुटून किरणोत्सर्गी द्रव्ये पाण्यात व वाफेत मिसळली.

याच सकाळी घडलेली एक घटना पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. इंधनाच्या जुडग्यांच्या वरच्या टोकांशी ५२ तपयुग्मे (दोन भिन्न धातूंच्या सांध्याचा उपयोग करून तापमान मोजणारी साधने) बसविलेली होती. संगणक सु. ३७०° से.पर्यंतचेच तापमान छापू शकत असे. त्यापुढील आकड्यांच्या जागी तो प्रश्नचिन्हे छापू लागला. तेव्हा काही तंत्रज्ञांनी तपयुग्मांच्या तारांवर हातातील मापक लावून प्रत्यक्ष वाचने घेतली. काही वाचने सु. १,१००° से.पेक्षाही अधिक निघाली, तर काही फारच कमी. इतकी परस्परविरोधी वाचने विश्वसनीय नसावीत, असे ठरवून ती सोडून देण्यात आली. विक्रियकाचा गाभा इतका तापू शकतो ही गोष्टच तेथील अनुभवी माणसांना असंभवनीय वाटत होती. प्रत्यक्षात मोठे आकडे गाभ्याची खरी अवस्था सांगत होते.

दुसऱ्या एका आकड्याने नेमका उलट परिणाम केला. ३० मार्च रोजी हेलिकॉप्टरमधून केंद्राच्या धुराड्यावर ताशी १,२०० मिलिरेम एवढी प्रारणमात्रा मोजण्यात आली. हा आकडा धुराड्याच्या तोंडाशी असलेल्या हवेचा होता. मात्र तो वॉशिंग्टनला पोहोचला तेव्हा केंद्राबाहेरील मात्रेचा म्हणून गणला गेला. त्यातून उडालेल्या गोंधळात राज्यपाल रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या (सु. ८ किमी.) परिसरातील गर्भवती स्त्रिया व शाळेत न जाणारी बालके यांनी दूर जावे, असा सल्ला दिला. पुढील काही दिवसांत सु. १ लक्ष ४० हजार लोकांनी आपण होऊन घरे सोडली. विक्रियकाच्या पात्रातील हायड्रोजनाच्या बुडबुड्याचा स्फोट होईल, अशीही भीती पसरली होती. पात्रात त्यासाठी लागणारा ऑक्सिजनच नाही, हे दोन दिवसांनी स्पष्ट झाले. १ एप्रिल रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी केंद्रास भेट दिली. कॅनडातील चॉक रिव्हर येथील विक्रियकाला डिसेंबर १९५२ मध्ये अपघात झाला, तेव्हा तो सुटा करण्याच्या कामात नौदलातील तरुण अधिकारी या नात्याने त्यांनी स्वतः भाग घेतला होता. त्यामुळे अशा सफाईचा अनुभव असलेला हा बहुधा एकमेव राष्ट्रप्रमुख असावा.

लोकांचा अविश्वास : कार्टर यांनी नेमलेल्या जॉन केमेनी यांच्या आयोगाने ऑक्टोबर १९७९ मध्ये अहवाल दिला. बाहेर पडलेली द्रव्ये प्रामुख्याने झेनॉन व क्रिप्टॉन हे निष्क्रिय वायू होती. शरीरात साठणारे किरणोत्सर्गी आयोडीन फक्त सु. १५ क्यूरी बाहेर गेले. भोवतालच्या सु. २० लक्ष लोकांना मिळालेली सरासरी मात्रा सु. १ मिलिरेम धरली जाते. त्या भागात निसर्गतःच वर्षाला सु. १०० मिलिरेम प्रारण मिळते. परिसरातील आरोग्याविषयी पुढे अनेक पाहण्या झाल्या. बहुतेकांत अपघातामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. तथापि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फेरविश्लेषणाने हा निष्कर्ष अमान्य केला व वाद पूर्णपणे मिटला नाही. पहिल्या तासांत धुराड्यावरील मापके त्यांच्या मर्यादेबाहेर गेली होती, ही गोष्ट या वादाच्या मुळाशी आहे. जे मोजलेच गेले नाही त्याचा हिशेब मागाहून कितीही काळजीपूर्वक केला, तरी ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहतेच.

ही शंका सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येत नाही. अपघातापूर्वी मंडलातून होणाऱ्या पाण्याच्या गळतीची मापने खोटी नोंदविल्याबद्दल केंद्र चालविणाऱ्या मेट्रोपॉलिटन एडिसन कंपनीवर खटला झाला व फेब्रुवारी १९८४ मध्ये तिने एका आरोपात अपराध कबूल केला. तत्पूर्वी मे १९८२ मध्ये भोवतालच्या तीन परगण्यांत घेण्यात आलेल्या मतदानात, अपघात न झालेला पहिला संच पुन्हा सुरू करण्यासही मतदारांनी मोठ्या बहुमताने विरोध केला होता. हे मतदान बंधनकारक नव्हते व ऑक्टोबर १९८५ मध्ये तो संच सुरू करण्यात आला. साफसफाईचे प्रत्येक पाऊल अशा वातावरणात टाकावे लागले.

पाणी व वायू : अपघातानंतर विक्रियकाची जाड काँक्रीटची इमारत बंद होती. तिच्या तळघरात किरणोत्सर्गी पाणी साचत जाऊन १९८१ पर्यंत सु. २३ लक्ष लि. झाले, त्याची खोली सु. २·५ मी. होती. लगतच्या सहायक इमारतीतील टाक्यांमध्येही दूषित पाणी होते. आत हवेत सु. ४३,००० क्यूरी क्रिप्टॉन-८५ कोंडलेला होता. या समस्थानिकाचे अर्धायुष्य (किरणोत्सर्गाची तीव्रता निम्मी होण्यास लागणारा काल) सु. १०·७ वर्षे असल्यामुळे तो आपोआप नाहीसा होण्याची वाट पाहणे शक्य नव्हते. आणि तो काढून टाकल्याशिवाय माणसांना आत फार वेळ काम करता येणार नव्हते.

सहायक इमारतीतील पाणी ऑक्टोबर १९७९ पासून आयन-विनिमय पद्धतीने शुद्ध करण्यास प्रारंभ झाला. तळघरातील पाणी कितीतरी अधिक किरणोत्सर्गी होते. त्यासाठी झिओलाइट या खनिजाने भरलेली पात्रे वापरलेले इंधन ठेवण्याच्या हौदात पाण्याखाली बुडवून ठेवण्यात आली व तळघरातील पाणी त्यांतून फिरविण्यात आले. झिओलाइट सिझियम व स्ट्राँशियम धरून ठेवते, तर हौदातील पाणी कामगारांसाठी संरक्षक भिंतीचे काम करते. १९८१ मध्ये सुरू झालेली ही योजना साधी व फार परिणामकारक ठरली. शुद्ध केलेल्या पाण्यात ट्रिटियम हा हायड्रोजनाचा किरणोत्सर्गी समस्थानिक मात्र शिल्लक राहिला. तो पाण्याच्या रेणूचाच घटक बनत असल्यामुळे कोणत्याही गाळणीने वेगळा होत नाही. प्रवाहाच्या खालच्या अंगास असलेले लँकेस्टर शहर पिण्याचे पाणी याच नदीतून घेते. त्या शहराने न्यायालयात धाव घेतली व फेब्रुवारी १९८० मध्ये झालेल्या तडजोडीनुसार हे पाणी नदीत सोडण्यास मनाई झाली. परिणामी शुद्ध केलेले पाणी टाक्यांत साठवून सफाईच्या कामासाठीच पुनःपुन्हा वापरण्यात येऊ लागले.

क्रिप्टॉन वातावरणात सोडून देण्याच्या प्रस्तावास प्रखर विरोध झाला. तांत्रिक दृष्ट्या त्यातील धोका अल्प होता. अणुऊर्जेवर टीका करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या एका संघटनेचे स्वतंत्र मत राज्यपालांनी मागविले, तेव्हा तिनेही प्रत्यक्ष शारीरिक अपाय होणार नाही असेच सांगितले. परंतु धोका अल्प आहे असे सांगणाऱ्यांवर लोकांचा विश्वास उरला नव्हता. यावर काढलेला उपाय कल्पक होता. आसपासच्या बारा गावांतील सु. ५० रहिवाशांना १९८० च्या वसंतात पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील अध्यापकांनी प्रारणमापनाचे शिक्षण दिले व मापक उपकरणे गावोगाव ठेवून त्यांची वाचने या रहिवाशांनीच घ्यावयाची व प्रसिद्ध करावयाची, असे ठरले. २८ जून ते ११ जुलै १९८० या काळात वायू हळूहळू सोडण्यात आला. ज्यांनी आकडे घेतले ते शेजारीच असल्यामुळे, कंपनीच्या पत्रकांपेक्षा त्यांच्या नोंदींना गावांत अधिक मान मिळाला, यात नवल नाही. या सर्व प्रकरणातील हा भाग अभियांत्रिकीच्या पुस्तकांत क्वचितच आढळतो. परंतु सफाईचे काम पुढे सरकण्यास झिओलाइटाइतकाच त्याचाही उपयोग झाला.

अंतर्भागाचे दर्शन : इमारतीत शिरण्याचा पहिला प्रयत्न २० मे १९८० रोजी दाराची झडप अडकल्यामुळे फसला. २३ जुलै रोजी दोन अभियंते संरक्षक पोशाख घालून आत गेले व सु. २० मिनिटे थांबून मापने व छायाचित्रे घेऊन परतले. इमारतीची अवस्था अपेक्षेपेक्षा बरी होती. मात्र विक्रियकाचे पात्र बंदच होते. इंधनाच्या नळ्या मोठ्या प्रमाणावर फुटल्या असल्या, तरी इंधन वितळले नसावे, असा या सुमारास सर्वसाधारण समज होता. नियोजनही त्याच समजावर आधारलेले होते. जुडगे एकेक करून यारीने वर उचलता येतील, अशीच अपेक्षा होती.

जुलै १९८२ मध्ये नियंत्रक दांड्याच्या मार्गातून एक लहान दूरचित्रवाणी कॅमेरा पात्रात सोडण्यात आला. जेथे इंधनाच्या जुडग्यांची टोके दिसावयास हवी होती तेथे काहीच नव्हते. कॅमेरा आणखी सु. १·५ मी. खाली गेला, तेव्हा खडीसारखा ढिगारा दिसला. १९८३ मध्ये या पोकळीत श्राव्यातीत ध्वनितरंग सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून तिचा नकाशा करण्यात आला. समुद्राचा तळ मोजण्याच्या पद्धतीचेच हे छोटे रूप होय. पोकळीचे घनफळ सु. ९ घ. मी., म्हणजे मूळ गाभ्याच्या सु. एक चतुर्थांश भरले.

पात्राचे सु. १५० टन वजनाचे झाकण उचलण्यासाठी इमारतीच्या घुमटाखालील फिरती यारी दुरुस्त करणे आवश्यक होते. तिच्या चाचणीच्या रीतसर पद्धतीला फाटा देण्यात येत असल्याची तक्रार तेथे काम करणाऱ्या काही अभियंत्यांनी १९८३ मध्ये उघडपणे केली. चौकशी होऊन काम लांबले व झाकण जुलै १९८४ मध्ये उचलण्यात आले. हा विलंब खर्चिक खरा. पण एवढे वजन उघड्या गाभ्यावर पडले असते तर काय झाले असते, याचा विचार करता तो अनाठायी म्हणता येणार नाही.

फेब्रुवारी १९८५ मध्ये पात्राच्या बाजूच्या फटीतून कॅमेरा थेट तळापर्यंत उतरविण्यात आला. तळाशी लाव्ह्यासारखा थिजलेला ढीग आढळला व सहा वर्षांचा समज संपुष्टात आला. इंधन वितळले होते, एवढेच नव्हे तर ते वाहत जाऊन पात्राच्या पोलादी बुडावर साचले होते. गाभ्याचा सु. ४५ टक्के भाग, म्हणजे सु. ६२ टन पदार्थ वितळला व त्यापैकी सु. २० टन तळाशी गेला, असा निष्कर्ष पुढे निघाला. हे वहन अपघात सुरू झाल्यापासून सु. ३ तास ४५ मिनिटांनी झाले. त्या वेळी नियंत्रण कक्षातील लोक गाभा पाण्याखाली सुरक्षित आहे, असे धरून चालले होते.

इंधनाचे निष्कासन : ३० ऑक्टोबर १९८५ रोजी इंधनाचे अवशेष बाहेर काढण्यास सुरुवात झाली. पात्र पाण्याने भरलेले ठेवून त्यावर एक फिरता मंच बसविण्यात आला. मंचाच्या फटीतून दहा मीटरांहूनही लांब दांड्यांच्या पकडी, चिमटे, कात्र्या व फावडी खाली सोडून, दूरचित्रवाणीच्या पडद्याकडे पाहत कामगार तुकडे उचलीत व पोलादी डब्यांत भरीत. भंजनाची साखळी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून पाण्यात बोरॉन मिसळलेले होते. अतिशय प्रगत तंत्रविद्येच्या या कामाला विहिरीतून गळाने बादली काढण्याच्या कामाचे स्वरूप आले होते. कारण साध्या हत्यारांची मोडतोड लवकर दुरुस्त करता येत असे.

१९८६ च्या आरंभी एक अनपेक्षित अडचण उद्‌भवली. पात्रातील पाणी गढूळ होऊन काही सेंमी.पलीकडचे दिसेनासे झाले. बोरिक अम्लयुक्त व तीव्र प्रारण असलेल्या या पाण्यात सूक्ष्मजीव वाढले होते. दिव्यांचा प्रकाश, कोमट पाणी व यंत्रांतून गळलेले तेलकट द्रव एवढ्यावर त्यांचा निर्वाह चालला होता. हायड्रोजन पेरॉक्साइड घालून व पाणी गाळून त्यांचा नायनाट करीपर्यंत कित्येक महिने गेले.

जुलै १९८६ मध्ये खाणकामात वापरतात तसे वेधनयंत्र पात्रावर बसवून गाभ्याचे उभे नमुने काढण्यात आले. सैल ढिगाऱ्याखाली सु. ३ मी. व्यासाचा व मध्यभागी १ मी.हून जाड असा एकसंध कठीण गोळा व त्याखाली शाबूत राहिलेल्या जुडग्यांचे बुडखे अशी रचना आढळली. गोळा पकडींना दाद देईना, तेव्हा त्याच यंत्राने त्यात शेकडो भोके पाडून तो फोडण्यात आला. गाभ्याखालचे जाड पोलादी आधार पुढे आयनद्रायूच्या (अतितप्त आयनीभूत वायूच्या) झोताने पाण्याखालीच कापले गेले. जानेवारी १९९० मध्ये हे काम संपले. अवशेषांनी भरलेले सु. ३४० डबे १९८६ ते १९९० या काळात जाड पोलादी पेट्यांतून आगगाडीने आयडाहो राज्यातील राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे पाठविण्यात आले. वाटेतील काही गावांनी निषेध केला. तथापि किरणोत्सर्गी द्रव्य सांडल्याची घटना घडली नाही.

पात्राच्या तळातून पोलादाचे लहान तुकडे कापून त्यांची आंतरराष्ट्रीय सहकार्याने तपासणी करण्यात आली. एका भागाचे तापमान सु. अर्धा तास १,१००° से.पर्यंत चढले होते, असे धातूच्या सूक्ष्मरचनेवरून दिसून आले. तरीही सु. १३ सेंमी. जाडीचे ते पोलाद टिकून राहिले, कारण पात्रात पाणी परत आले होते. वितळलेला गाभा पात्रातच अडून राहिला, हे या अपघातातील मोठे सुदैव. साफसफाई शक्य झाली तीही त्यामुळेच.

खर्च व उरलेले काम : साफसफाईस सु. ९७ कोटी डॉलर लागले. विम्याची रक्कम अपुरी पडल्यामुळे काम काही काळ रेंगाळले. जुलै १९८१ मध्ये राज्यपाल थॉर्नबर्ग यांनी मांडलेल्या योजनेनुसार वीज ग्राहक, पेनसिल्व्हेनिया व न्यू जर्सी ही राज्ये, केंद्र सरकार व इतर वीज कंपन्या यांनी हा भार वाटून घेतला. जपाननेही त्यास हातभार लावला व आपले अभियंते शिकण्यासाठी तेथे ठेवले. कामगारांना मिळून १३,००० ते ४६,००० मनुष्य-रेम मात्रा मिळेल, असा १९८४ मधील अंदाज होता. प्रत्यक्षात ती त्याहून पुष्कळच कमी भरली.

तळघर मात्र शेवटपर्यंत माणसांच्या कामाचे झाले नाही. पाणी उपसल्यानंतरही तेथील काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंतींत सिझियम मुरलेले होते. कार्नेगी-मेलन विद्यापीठात तयार केलेले चाकांचे दूरनियंत्रित वाहन १९८४ मध्ये यारीने तेथे उतरविण्यात आले. त्याने चित्रे व नमुने आणले, तसेच भिंती धुण्यासही त्याचा उपयोग झाला. टाक्यांत साठलेले सु. ८५ लक्ष लि. पाणी जानेवारी १९९१ ते ऑगस्ट १९९३ या काळात बाष्पीभवनाने हवेत सोडण्यात आले. नदीत जे नको होते ते अशा रीतीने आकाशात गेले, अशी टीका त्या वेळी झाली. वाफेबरोबर गेलेल्या ट्रिटियमाची मात्रा नगण्य होती, असे नियामक मंडळाचे म्हणणे होते. डिसेंबर १९९३ मध्ये हा संच देखरेखीखालील साठवणीच्या अवस्थेत ठेवण्यात आला. सु. १ टक्का इंधन त्यात अजून नळ्या, भेगा व कोपरे यांत शिल्लक होते.

इतर अपघातांशी तुलना : २६ एप्रिल १९८६ रोजी झालेल्या चेर्नोबिल येथील अपघातात विक्रियकच उद्ध्वस्त झाल्यामुळे अशी सफाई करण्याचा प्रश्नच उरला नाही. अवशेषांवर काँक्रीट-पोलादाचे आवरण बांधण्यात आले व २०१६ मध्ये त्यावर कमानीच्या आकाराचे दुसरे प्रचंड आवरण सरकविण्यात आले. जपानमधील फुकुशिमा दाइइची केंद्रातील तीन विक्रियकांचे गाभे मार्च २०११ मधील भूकंप व त्सुनामीनंतर वितळले. हे विक्रियक उकळत्या पाण्याच्या प्रकारचे होते. महाराष्ट्रातील तारापूरचे पहिले दोन संचही याच प्रकारात मोडतात. तेथे वितळलेला पदार्थ पात्रांचे बूड भेदून खाली पडला, त्यामुळे पाण्याने भरलेल्या पात्रात वरून हत्यारे सोडण्याची थ्री माइल आयलंडची पद्धती तेथे जशीच्या तशी चालत नाही. तिन्ही विक्रियकांत मिळून सु. ८८० टन अवशेष असल्याचा अंदाज आहे. त्यांतील पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर काढण्यात आला. त्याचे वजन १ ग्रॅमपेक्षाही कमी होते. साठविलेल्या पाण्यातील ट्रिटियमाचा प्रश्न तेथेही आला व ते पाणी विरल करून ऑगस्ट २०२३ पासून समुद्रात सोडण्यात येऊ लागले. मच्छीमारांनी व शेजारी देशांनी त्यास घेतलेले आक्षेप लँकेस्टरच्या नागरिकांच्या आक्षेपांहून फार निराळे नव्हते.

थ्री माइल आयलंडचा पहिला संच आर्थिक कारणांसाठी सप्टेंबर २०१९ मध्ये बंद करण्यात आला. तो क्रेन या नव्या नावाने पुन्हा चालू करण्याची योजना सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाली. दुसऱ्या संचाचा परवाना डिसेंबर २०२० मध्ये मोडणीचे काम करणाऱ्या कंपनीकडे सोपविण्यात आला असून मागे राहिलेले इंधन काढण्याचे काम तिने अंगीकारले आहे. आयडाहो येथे नेलेले डबे प्रथम पाण्याच्या हौदात होते. २००१ पर्यंत ते कोरड्या काँक्रीटच्या कोठारांत हलविण्यात आले. १९९५ मधील करारान्वये वापरलेले सर्व इंधन २०३५ पर्यंत आयडाहो राज्याबाहेर नेण्याचे केंद्र सरकारने मान्य केले आहे. मात्र ते ठेवण्यासाठी अमेरिकेत कायमचे भांडार अद्याप उभारलेले नाही.